तू नाही गं

"बारकीला ऊन लागतंय गं, सावलीत सरक जरा," बाबा म्हणाला, आणि ती उठून सावलीत सरकली. खरं तर ऊन हवं म्हणूनच ती तिथे पालथी पसरली होती. पाठ छान तापली होती, कानात समुद्र होता आणि नाकासमोर वाळू इतकी जवळ, की तिच्यातले काही कण चक्क निळे आहेत असा शोधही तिला लागला होता. पण बाबाची ही जुनीच सवय. तिच्याशी बोलायचं असलं तरी तो तिच्याबद्दल बोलायचा. बारकीला भूक लागलेली दिसतेय, बारकीचा अभ्यास राहिलाय वाटतं, बारकीचं आज काहीतरी बिनसलंय. म्हणून ती उठली, टॉवेल ओढला आणि झावळ्यांच्या छत्रीखाली, आईच्या अर्धी उन्हात आलेल्या आरामखुर्चीला खेटून बसली. मान वर केली तर दोघंही तिच्याकडे बघत होती. आधी गोंधळून. मग बाबाच्या मिशीखाली हसू फुटलं. "तू नाही गं," तो म्हणाला आणि हनुवटीने त्याने आईच्या पोटाकडे खूण केली. "ही बारकी."

तू नाही गं. किती सहज म्हणाला! रांगेत घुसलेल्या माणसाला म्हणतात तसं रागाने म्हणाला असता तरी चाललं असतं, भांडता तरी आलं असतं. पण नाही. दुसऱ्याच्या खुर्चीवर चुकून बसलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं, गोडीगुलाबीने. आणि आई पुढे काय म्हणाली, तर "अगं बस बस, तूही बस की सावलीत." तूही! त्या 'ही'ने तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सोळा वर्षं ह्या घरात बारकी एकच होती. ती आईपेक्षा उंच झाली, बाबाच्या चपला तिच्या पायाला बसायला लागल्या, गेल्या महिन्यात कोणाला न विचारता ती केस मानेपर्यंत कापून आली आणि आरशात बघून स्वतःवरच खूश झाली, तरी ती बारकीच होती. त्या नावावरून मैत्रिणींनी तिला कमी छळलं नव्हतं. "बारकी म्हणे! दाराच्या चौकटीला डोकं आपटतं हिचं!" पण हे छळणंसुद्धा तिच्या मालकीचं होतं. आता समोर फुगून बसलेलं ते पोट, ज्याला अजून तोंड नाही, नाक आहे की नाही देव जाणे, जे मुलगी आहे की मुलगा हेसुद्धा कोणाला माहीत नाही, ते बारकी. आणि ती? ती कोण? ती 'तू नाही गं'.

तिने टॉवेल उचलला आणि पुन्हा उन्हात जाऊन बसली. "रुसली," आई हळूच म्हणाली. "उन्हाने डोकं तापलंय तिचं," बाबा म्हणाला, आणि टोपी तोंडावर ओढून आडवा झाला. झालं. संपला विषय. तिच्या मागे लहान मुलं किंचाळत होती, कोणाच्या तरी आईला कोणीतरी वाळूचा किल्ला दाखवत होतं, एक नारळ फोडणारा बाप्या कोयत्याच्या तालावर शीळ घालत होता, आणि एवढ्या गजबजलेल्या किनाऱ्यावर एका माणसाचं नाव दिवसाढवळ्या काढून घेतलं गेलं तरी कोणाची मान वळली नव्हती. ह्या बेटावर यायचं ठरलं तेव्हा म्हणे हे सगळं तिच्यासाठी होतं. "तुझ्यासाठीच चाललोय," आई म्हणाली होती. "मग काय, वर्षभर कुठे हलता येणार नाही." आणि मावशी फोनवर काय ओरडली होती, स्पीकर लावलेला असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं? "मजा करून घ्या गं, तिघांची शेवटची सुट्टी!" शेवटची. दवाखान्यात न्यायच्या आधी एखाद्याच्या आवडीचं खायला घालावं तशी. वर आणखी, "आता काय, ताई होणार आमची! मिरवा!" ताई म्हणजे जिला पाणी आणायला सांगतात, जिचं ऐकून घ्यायचं नसतं पण जिने समजून घ्यायचं असतं. हे पद तिने मागितलं होतं का? अर्ज केला होता का?

विचारलं नव्हतं, हेच तर. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, सांगितलंसुद्धा नव्हतं धड. वाळूत बोटाने रेघा ओढता ओढता तिला वर्गातली ती दुपार आठवली आणि कानाच्या पाळ्या पुन्हा गरम झाल्या. आई तिच्याच शाळेत गणित शिकवायची. शाळेच्या फाटकातून आत शिरलं की आई संपायची आणि बाई सुरू व्हायच्या. हा नियम आईनेच घालून दिला होता, तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी, रिक्षातून उतरताना. "इथे मी तुझी आई नाही हं. इथे तू बाकीच्या मुलींसारखी." पाचवीत एकदा ती चुकून फळ्यासमोर "आई, खडू संपला" म्हणाली आणि अख्खा वर्ग आठवडाभर तिला 'आईखडू' म्हणत होता. त्यानंतर ती कधी चुकली नाही. उलट इतकी सवय झाली, की कधी कधी घरी भाजी वाढतानासुद्धा तिच्या तोंडून "बाई, बास" निघायचं आणि बाबा हसून ताट बाजूला ठेवायचा. तर त्या दुपारी बाई फळ्यावर वर्तुळ काढत होत्या, आणि मुख्याध्यापिका आत आल्या, म्हणाल्या, "मुलींनो, पुढच्या सत्रात तुम्हाला गणिताला नव्या बाई येतील. ह्या बाई रजेवर जाणार आहेत." आणि हिने, वक्तृत्व स्पर्धेची ढाल नुकतीच जिंकलेल्या, कोणाला न घाबरणाऱ्या हिने, हात वर करून खणखणीत आवाजात विचारलं, "का, बाई?" मग मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसलं. मग सगळा वर्गच फुटला. कारण पोरींना दिसत होतं. साडीचा पदर बाई आजकाल कसा घेतात ते त्यांना दिसत होतं, आणि जी त्याच बाईंच्या हातचं जेवून शाळेत यायची तिला दिसलं नव्हतं. बाकावरची शेजारीण कानात म्हणाली, "अगं येडे, तुमच्या घरी पाळणा हलणार आहे." तिने बाईंकडे बघितलं. बाईंच्या हातात कंपास होता, मोठा लाकडी, आणि त्याचं टोक वर्तुळाच्या मध्यावर रोवलेलंच राहिलं होतं. त्या संध्याकाळी आई खूप बोलली, खूप जवळ घेतलं, म्हणाली, आज रात्री सांगणारच होते, मोठ्या बाईंनी घात केला माझा. पण रात्री सांगितलं असतं तरी काय, तिला वाटलं होतं. सांगणं आणि विचारणं ह्यात फरक असतो की नाही?

तो फरक बाबाइतका कोणाला ठाऊक होता? बाबाचं पाट्यांचं दुकान होतं. दारावर लावायच्या नावाच्या पाट्या. लाकडी, काचेच्या, पण मुख्य म्हणजे पितळी. लहानपणी शाळा सुटली की ती तिथेच बसायची, पितळेच्या भुशाचा तो किंचित आंबट वास घेत. बाबा आधी पेन्सिलीने दोन पुसट रेघा मारायचा, मग अक्षरं मांडायचा. जोडाक्षर आलं की जीभ ओठांच्या कोपऱ्यात यायची त्याची. मग कोरायचं, खाचांत काळा रंग भरायचा, वरचा पुसून काढायचा आणि नाव असं झळझळीत उठून यायचं की माणसं स्वतःचंच नाव पहिल्यांदा वाचल्यासारखी बघत राहायची. काही लोक जुनी पाटी घेऊन यायचे. घर बदललेलं, कोणी गेलेलं, कोणी वेगळं झालेलं. पितळ महाग, म्हणून तीच पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर नवं नाव कोरायचं. पण बाबा कोणाचीही पाटी आपल्या मनाने उलटत नसे. समोरचा कितीही घाईत असो, बाबा पाटी हातात तोलून विचारायचाच, "जुनं ठेवायचं की उलटायचं?" लोक वैतागायचे. अहो, उलटायलाच आणलीय ना! तरी बाबा म्हणायचा, "एकदा तोंडाने सांगा." आणि गंमत म्हणजे काही जण तेव्हाच अडखळायचे. एक बाई तर पाटी परत पिशवीत घालून गेल्या होत्या, डोळे पुसत. "म्हणून विचारायचं असतं, बारके," बाबा तिला म्हणाला होता. "नाव पुढच्या बाजूला असो नाहीतर मागच्या, पत्रा एकच असतो. पण दारावर कुठली बाजू लावायची, ते ज्याचं त्याने सांगायचं."

आणि इथे तिच्या हाताची रेघ वाळूत थांबली. पाटी. तिच्या खोलीच्या दारावर तिची पाटी होती, बाबाने ती चार वर्षांची असताना कोरलेली, नुसतं 'बारकी', आणि 'की'च्या वेलांटीला त्याने एक छोटीशी शेपटी काढली होती. निघायच्या दिवशी सकाळी, बॅगा दाराशी आणि रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय अशा धांदलीत, तिला ती जागा रिकामी दिसली होती. स्क्रूची दोन भोकं आणि त्यांच्यामध्ये रंग न उडालेला गडद चौकोन. "बाबा, माझी पाटी?" तिने विचारलं होतं. "दुकानात आहे. आल्यावर बघू, आल्यावर," बाबा जिना उतरता उतरता म्हणाला होता, आणि तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं होतं. तेव्हा ती विसरली. आता मात्र सगळा उलगडा झाला. म्हणजे ठरलेलंच होतं हे! नुसतं तोंडातून गेलेलं नव्हतं. पाटी उतरवून झाली होती, दुकानात पोचली होती, आणि ज्या माणसाने परक्या लोकांना, रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही ऐऱ्यागैऱ्याला, जुनं ठेवायचं की उलटायचं म्हणून विचारलं, त्याने आपल्या पोटच्या पोरीला विचारलं नव्हतं. आणि तिला स्वतःचाच राग आला. स्टेजवर चारशे माणसांसमोर जिचा आवाज कापत नाही, तिला दोन माणसांसमोर एक वाक्य बोलता येऊ नये?

ती उठून पाण्यात गेली. थेट, कपाळावर लाट घेत. मग समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, किनाऱ्याकडे मुद्दाम पाठ. पाणी कोमट होतं, कोणाची तरी आधी आंघोळ झालेल्या बादलीसारखं, आणि तेही तिला अपमानास्पद वाटलं. हॉटेलच्या खोलीत दोन मोठे पलंग जोडून लावले होते आणि तिच्यासाठी खिडकीखाली एक घडीची खाट टाकली होती. कूस बदलली की ती कुरकुरायची. काल बाबा त्या कोपऱ्याकडे बघून म्हणाला होता, "पाळणा मावेल की नाही इथे, पुढच्या वेळी?" गंमतीत. सगळ्या गोष्टी ह्या घरात गंमतीतच व्हायच्या आणि झाल्यावर कळायच्या. पोहायला आईनेच शिकवलं होतं तिला, पोटाखाली हात धरून. "मी सोडणार नाही," म्हणत म्हणत सोडलं होतं, आणि ती पोहली होती, आणि वळून बघते तर आई खूप मागे, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. आता त्याच आठवणीतला तो सुटलेला हात तेवढा तिला दिसत होता.

वळून बघितलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. बाबा टोपीखाली घोरत असावा. आई पाण्यात होती, तिच्यापासून बरीच दूर, उताणी तरंगत, डोळे मिटून. ह्या अवस्थेत पाण्यातच काय ते हलकं वाटतं, असं ती दोन दिवस म्हणत होती. पोट पाण्याबाहेर आलेलं, ओल्या कापडात चमकणारं, बेटाशेजारी आणखी एक बेट. किती निवांत! दोघी. ती दोघींकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की दोघी सरकताहेत. हळूच, कोणीतरी चादर ओढावी तशा, लाल झेंडा लावलेल्या बाजूला, जिथे पाणी आतून ओढतं म्हणून हॉटेलवाल्याने तीनतीनदा बजावलं होतं. आणि त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते एवढंच होतं: जाऊ दे. एका श्वासापुरतं. आलं आणि गेलं. पण ते आलं होतं हे तिला कळलं, आणि ती पाणी कापत धावायला लागली, आणि पाण्यात धावता येत नाही, आणि पोहायचं असतं हे तिला सुचेना, आणि सगळी छाती फाडून ती ओरडली.

"बाई!"

आई क्षणात उलटी झाली, धडपडली, उभी राहिली. पाणी तिच्या छातीपर्यंतच होतं. केसांतून धारा, डोळे चोळत ती इकडेतिकडे बघू लागली आणि वर्गातल्याच आवाजात म्हणाली, "कोण आहे ते? हात वर करून बोला!" हिने खरोखरच हात वर केला. वर केला आणि मग तिला हुंदका आला की हसू, ते समुद्राच्या पाण्यात कळण्यासारखं नव्हतं. "झेंड्याकडे चालली होतीस तू! डोळे मिटून काय तरंगतेस! अक्कल आहे का?" आईने झेंडा बघितला, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, मग ती पाय रोवत रोवत आली आणि तिने हिचं मनगट घट्ट धरलं. दोघी लाटांना पाठ देऊन उभ्या राहिल्या. आईने डोळ्यांवरचे ओले केस मागे सारले. मग म्हणाली, "बाई म्हणालीस म्हणून वळले. आई म्हणाली असतीस ना, तर पडून राहिले असते. मघापासून इथे शंभर जण आई आई करताहेत. मला वाटलं असतं, असेल कोणाची तरी."

हे ऐकून तिचा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट इतका वेळ चिखलासारखा असलेला तो राग एकदम निवळून त्याला टोक आलं. "बघ!" ती म्हणाली. "कळलं ना? एक हाक सगळ्यांना दिली की ती कोणाचीच राहत नाही. मग बाबाने माझी हाक तिला कशी दिली?" आई म्हणाली, "अगं, त्याच्या तोंडातून चुकून गेलं." "आणि मुलगी कशावरून? बारकं म्हणायचं! नपुंसकलिंग काय फक्त परीक्षेपुरतं आहे?" आईला हसू आवरेना, तिने पोटाला हात लावला, सवयीने हिचाही हात तिकडे ओढला. हिने सोडवून घेतला. "नंतर. आधी ह्याचा निकाल लागू दे." आणि आईला मनगटाला धरून तिने किनाऱ्यावर आणलं, खुर्चीत बसवलं, टॉवेल दिला, आणि बाबाच्या तोंडावरची टोपी उचलली.

"ऊठ. बोलायचंय."

बाबा खडबडून उठला. "काय झालं? बारकीला—"

"कुठल्या?"

बाबाने आईकडे बघितलं. आई टॉवेलने केस पुसत आकाशाकडे बघत होती. इथे मी कोणाची कोणी नाही, असा चेहरा. "अगं, मघाचं होय? चुकून गेलं तोंडातून. एवढं काय त्यात?"

"गेलं ना? मग परत आण."

"आता तोंडातून गेलेलं कसं परत—"

"आणि पाटी? पाटीही चुकून गेली? स्वतःची स्वतः स्क्रू काढून जिना उतरून दुकानात गेली?" आता तिचा आवाज लागला होता, स्टेजवरचा, पोटातून येणारा, शेजारच्या छत्रीतल्या म्हातारबांनी पेपर खाली केला. "उलटायला नेलीस ना तू?"

बाबा खोटं बोलेल असं तिला वाटलं होतं, निदान 'पॉलिशला' म्हणेल. त्याने वाळूतून एक शिंपला उचलला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "हो," तो म्हणाला. "उलटायलाच नेली."

हे इतकं सरळ आलं की तिच्या तोंडचं पुढचं भाषणच पळालं. बाबा खाली बघूनच बोलत होता. "तिच्यासाठी नाही. तुझ्यासाठी. तुझं खरं नाव कोरणार होतो मागच्या बाजूला. पूर्ण, आडनावासकट. केस कापून आलीस ना त्या दिवशी, दारात उभी राहिलीस, तर मी क्षणभर ओळखलंच नाही तुला. म्हटलं, ही आता मोठी झाली, हिच्या दारावर बारकी बरं दिसत नाही. परत गेल्यावर एकदम दाखवणार होतो. आणि मग बारकी म्हणायला तोंड शिवशिवतं ना गं, सवय आहे. नाव मोकळं झालं असं वाटलं मला. म्हणून गेलं असेल तिकडे."

ती बघत राहिली. म्हणजे तिला मोठं केलं होतं. तेही न विचारता! लहान ठेवायचं तेव्हा विचारलं नाही, मोठी करायची तेव्हाही नाही. तिला वाटलं आता आपण रडणार, आणि ती रडली नाही. "तू दुकानात येणाऱ्या कोणालाही विचारतोस," ती म्हणाली. आवाज स्टेजवरचा राहिला नव्हता, पण कापतही नव्हता. "त्या पाटी परत नेणाऱ्या बाईंनासुद्धा विचारलंस. मला विचारलंस?"

"नाही विचारलं," बाबा म्हणाला.

"कोरलंस?"

"नाही अजून. फक्त रेघा मारल्यात. पेन्सिलीच्या."

बाबा उठला. अंगावरची वाळू झटकली, शर्टाची बटणं लावली, जणू दुकानाचं शटर वर गेलं होतं. दोन्ही तळवे त्याने असे पुढे धरले, की त्यांच्यावर खरंच पितळेचा एक वजनदार तुकडा आहे असं वाटावं, आणि गिऱ्हाइकाशी बोलतो तसं, अदबीने, तिच्या डोळ्यांत बघून त्याने विचारलं, "जुनं ठेवायचं की उलटायचं?"

म्हातारबांचा पेपर अजून खालीच होता. आईचा टॉवेल केसांतच थांबला होता. तिने त्या रिकाम्या तळव्यांकडे बघितलं. तिला ती वेलांटीची शेपटी दिसली. आणि मागची बाजू, कोरी, पेन्सिलीच्या दोन पुसट रेघा असलेली, आणि तिचं पूर्ण नाव, जोडाक्षरासकट, बाबाची जीभ ओठांच्या कोपऱ्यात. तीही बाजू काही वाईट नव्हती, हे तिला आत्ता, अगदी नको असताना, कळलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

"हरकत नाही," बाबा म्हणाला. "दुकान उघडंच आहे. तोवर मी हात लावत नाही."

"आणि तोवर तिकडे बारकं म्हणायचं," तिने पोटाकडे बोट दाखवलं. "ते आलं, की त्यालाही विचारू."

आणि ती ओल्या वाळूवरून हॉटेलकडे निघाली, ताठ, कापलेले केस मानेवर चिकटलेले. दहा-बारा पावलं गेली असेल नसेल, मागून हाक आली, "बारके! चपला राहिल्या!" पहिली हाक तिने मुद्दाम जाऊ दिली. आणखी कोणी वळतंय का, ते बघायला. बाबाने पुन्हा हाक मारली. कोणी वळलं नाही.

मग ती वळली.